साखरेचा बोळा आणि चौदा दिवस

डास रक्त पितो हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो साखरेवर जगतो, हे मात्र डास पाळल्याशिवाय नीटसं पटत नाही. नर तर रक्ताला तोंडही लावत नाही. मादीला रक्त लागतं ते अंड्यांसाठी. रोजचं उडणं-बसणं, जिवंत राहणं हे फुलांच्या मधावर, फळांच्या रसावर चालतं. कुत्र्यांमध्ये आढळणारा डायरोफायलेरिया रेपेन्स हा कृमी डासात कसा वाढतो आणि डासाच्या खाण्यापिण्याने त्या वाढीत काय फरक पडतो, हे परळमधल्या एका छोट्या कीटकखोलीत आम्ही पुन्हा पुन्हा करून पाहिलं. ज्यांना हे काम स्वतः करायचं आहे त्यांच्या हाताशी असावं म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. पाण्यातल्या डासाच्या पिल्लाला आपण अळी म्हणतो आणि कृमीच्या पिल्लालाही अळीच म्हणतो. इथे अळी म्हणजे फक्त डासाची. कृमीच्या अवस्थांना कामाच्या टेबलावर जी नावं वापरतात तीच ठेवली आहेत: कुत्र्याच्या रक्तात असते ती मायक्रोफायलेरिया, मग डासातल्या एल-वन, एल-टू आणि एल-थ्री. एल-थ्री ही लागण करू शकणारी अवस्था. ती पुढच्या चाव्याच्या वेळी सोंडेतून बाहेर पडते आणि चाव्याच्या छिद्रातून त्वचेत शिरते.

कृमी डासाच्या अंगात वाढतो, पण त्याची संख्या वाढत नाही, हे सुरुवातीलाच पक्कं ध्यानात घ्या. मलेरियाच्या परजीवीसारखं एकाचे हजार होणं इथे नाही. एका मायक्रोफायलेरियापासून फार तर एक एल-थ्री निघणार, आणि वाटेत पुष्कळ गळणार. म्हणून आत किती गेले आणि किती पोचले, हे दोन्ही आकडे हातात असतील तरच आहाराबद्दल काही बोलता येतं.

मार्ग असा. रक्ताबरोबर मायक्रोफायलेरिया मधल्या आतड्यात जातात, साधारण दिवसभरात तिथून निघून माल्पिघी नलिकांत शिरतात. डासाला या नलिका पाच असतात आणि त्याच्या मूत्रपिंडाचं काम त्याच करतात. तिथे पेशींच्या आत पिल्लू आखूड आणि जाड होतं, सॉसेजसारखं दिसतं. मग ते पेशीतून नलिकेच्या पोकळीत येतं, लांबतं, दोनदा कात टाकतं, आणि एल-थ्री झालं की नलिका फोडून डोक्याकडे, सोंडेकडे सरकतं. हत्तीपायाच्या कृमीचा मुक्काम वेगळा: तो क्युलेक्स या दुसऱ्या प्रकारच्या डासाच्या छातीतल्या, पंख हलवणाऱ्या स्नायूंत वाढतो. दिवसांचा हिशेब मात्र जवळपास तसाच.

हा हिशेब तापमानावर चालतो. १४ अंशांखाली डायरोफायलेरियाची वाढ थांबते, आणि त्यावरच्या अंशांची रोजची बेरीज १३० झाली की एल-थ्री तयार, असा ढोबळ नियम आहे. खोली २७ अंशांवर असेल तर रोजचे १३ अंश, म्हणजे दहा दिवस. डिसेंबरात खोली २४ वर आली तर रोजचे दहाच, म्हणजे तेरा दिवस. त्यात डोक्यापर्यंत पोचायला एक-दोन दिवस धरा. आम्ही सगळे गट चौदाव्या दिवसापर्यंत चालवले ते यासाठी. आता प्रश्न इतकाच उरतो की मादी चौदा दिवस जगणार कशावर?

हा प्रश्न न विचारल्यामुळे एक मोठी चूक वीस वर्षांहून जास्त काळ टिकली होती. १८७७ साली चीनमधल्या अमॉय इथे पॅट्रिक मॅन्सन यांनी हत्तीपायाच्या कृमीची पिल्लं डासात वाढतात हे दाखवलं. काम अफाट होतं. पण त्यांचे डास काही दिवसांतच मरत. त्यावरून त्यांची समजूत झाली की मादी एकदाच रक्त पिते, पाण्यावर अंडी घालून तिथेच मरते, कृमी पाण्यात उतरतात आणि ते पाणी पिऊन माणसाला लागण होते. पुढे १८९९ मध्ये ऑस्ट्रेलियात थॉमस बँक्रॉफ्ट यांनी डासांना केळं खायला घातलं. डास आठवड्यांनी जगले आणि कृमीची पूर्ण वाढ होऊ शकली. त्यांनी लंडनला पाठवलेल्या डासांचे काप जॉर्ज कार्मायकेल लो यांनी १९०० साली तपासले, तेव्हा कृमी सोंडेत सापडला. पाणी पिऊन नव्हे, चाव्यातून लागण होते, हे त्यानंतर उलगडलं. केळ्याच्या एका फोडीने एवढं केलं. आम्ही नवीन मुलांना पिंजऱ्याला हात लावू देण्याआधी हे सांगतो, कारण साखरेचा बोळा बदलायचा कंटाळा करणारा प्रत्येक जण नकळत तीच चूक पुन्हा करत असतो.

आम्ही एडिस अल्बोपिक्टस वापरला, म्हणजे पायांवर पांढरे पट्टे आणि पाठीवर मधोमध एक पांढरी रेघ असलेला टायगर डास. झाडीच्या भागात, झाडांच्या ढोलीत आणि कुंड्यांच्या ताटल्यांत तो सहज मिळतो. काळ्या प्लास्टिकच्या ग्लासात आतून कागदाची पट्टी लावून अर्धा ग्लास पाणी ठेवलं की पाण्याच्या रेषेलगत तो अंडी घालतो. पट्टी सावलीत दमट ठेवली तर अंडी काही आठवडे टिकतात आणि हवी तेव्हा पाण्यात सोडता येतात. एकाच वयाच्या माद्या एकदम मिळण्यासाठी ही मोठी सोय आहे. क्युलेक्सच्या अंड्यांची तराफ्यासारखी चकती अशी साठवता येत नाही.

आहाराची सुरुवात अळीपासून होते, आणि इथेच सगळ्यात जास्त निष्काळजीपणा होतो. ३० बाय २५ सेंटीमीटरच्या ट्रेमध्ये एक लिटर पाणी, त्यात २०० अळ्या. मोजून, अंदाजाने नाही. पाणी नळाचंच, पण रात्रभर बादलीत उघडं ठेवलेलं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. खाणं म्हणजे डॉग बिस्किट तीन भाग आणि यीस्ट दोन भाग, मिक्सरमधून काढून वस्त्रगाळ केलेलं. पहिले दोन दिवस ५० मिलिग्रॅम, तिसऱ्या-चौथ्या दिवशी १००, पाचव्या दिवशी १५०, आणि कोष दिसू लागले की बंद. हे प्रमाण आमच्या ट्रेचं आहे. तुमच्या पाण्याला आणि तापमानाला ते थोडं जुळवून घ्यावं लागेल. जास्त पडलं तर पाण्यावर बुळबुळीत साय धरते, अळ्यांना श्वासाची नळी वर काढता येत नाही आणि सकाळी सगळ्या तळाशी पडलेल्या दिसतात. साय दिसताच साध्या टिश्यू पेपरची घडी पाण्यावर टेकवून उचलून घ्या.

पोटभर खाल्लेल्या अळ्या २७ अंशांना सहा-सात दिवसांत कोषात जातात. तिसरा हिस्सा खाणं दिलं तर दहा-बारा दिवस लागतात आणि माद्या लहान निघतात. लहान म्हणजे किती, हे नजरेने ठरवू नका. पंख काढून स्लाइडवर ठेवा आणि खाचेपासून टोकापर्यंत, कडेची झालर सोडून, लांबी मोजा.

लहान मादीत कृमी कमी निघाले की "उपाशी अळीच्या डासात कृमी नीट वाढत नाही" असं लिहायचा मोह होतो. थांबा. लहान मादी रक्तच कमी पिते, म्हणजे मुळात तिच्या पोटात मायक्रोफायलेरिया कमी गेल्या. शिवाय तिच्या अंगात चरबीची शिदोरी कमी असते, त्यामुळे साखर एक दिवस चुकली तरी ती आधी मरते. कृमीच्या वाढीवर खरोखर परिणाम झाला का, हे आत गेलेल्या संख्येशी पोचलेल्या संख्येचं प्रमाण काढल्याशिवाय कळत नाही. हे प्रमाण कसं काढायचं ते पुढे येईल.

प्रौढ डासांचा पिंजरा ३० सेंटीमीटरचा चौकोनी, एका बाजूला कापडी बाही. चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. मुंबईत हे विसरलात तर एका रात्रीत लाल मुंग्या साखरेच्या वासाने चढतात आणि सकाळी पिंजऱ्यात नुसते पंख मिळतात. वाटीतल्या पाण्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब टाका, म्हणजे तिथेच कोणी दुसरा डास अंडी घालणार नाही.

साखर १० टक्के: उकळून गार केलेल्या १०० मिली पाण्यात १० ग्रॅम. कापसाचा बोळा त्यात भिजवून असा पिळायचा की बोटाने दाबला तर बोट ओलं व्हावं, पण उलटा धरला तर थेंब पडू नये. थेंब पडला की त्यात पाय आणि पंख चिकटतात. २० टक्के केली तर कडा वाळून कडक होतात आणि डास त्यावर बसून अडकतात. पावसाळ्यात बोळा रोज बदलायचा, एकही दिवस न चुकता. जून ते सप्टेंबर खोलीत दमटपणा मुद्दाम आणावा लागत नाही, उलट तोच नडतो: चोवीस तासांत बोळ्याला ताडीसारखा आंबूस वास येतो, दुसऱ्या दिवशी काळी बुरशी. हिवाळ्यात आणि एसी चालू असताना उलटं होतं. बोळा दुपारपर्यंत वाळतो आणि साखर समोर असूनही डास तहानेने मरतात. म्हणून साखरेच्या बोळ्याशेजारी साध्या पाण्याचा दुसरा बोळा कायम हवा, आणि पिंजऱ्यावर ओला टॉवेल. दमटपणा ७० ते ८० टक्के राहिला पाहिजे.

कोणी साखर खाल्ली आणि कोणी नाही, हे पाहायला पाण्यात खायच्या रंगाचे दोन थेंब घाला. मादीच्या पोटाच्या पुढच्या भागात रंग बाहेरूनच दिसतो. चिरून पाहिलं तर साखरेची पिशवी वेगळी ओळखू येते: पातळ, काचेसारखी स्वच्छ, आणि बहुतेक वेळा आत हवेचे दोन-चार बुडबुडे. साखर या पिशवीत साठते आणि लागेल तशी आतड्यात सोडली जाते. रक्त थेट मधल्या आतड्यात जातं. दोन वाटा वेगळ्या आहेत, पण पोट एकच. पिशवी भरलेली असली की रक्ताला जागा उरत नाही.

मनुकाही चालतात. रात्रभर भिजवलेल्या मनुकांवर डास छान जगतात आणि त्या बोळ्याइतक्या लवकर वाळत नाहीत. पण मनुका सुकवताना त्यावर काय काय लावलेलं असतं याचा भरवसा नाही, म्हणून कोमट पाण्यात तीनदा चोळून धुवा आणि पहिली दोन-तीन दिवसांची चाचणी बिनकामाच्या डासांवर घ्या. केळं मुंबईत बारमाही मिळतं, पण त्यावर चिलटं इतकी येतात की मोजणीच्या कामाला ते आम्हाला सोयीचं वाटलं नाही.

एक गोष्ट खाण्याची नाही, पण ती सगळं खाणं वाया घालवते. शेजारच्या खोलीतलं डास पळवायचं लिक्विड, गल्लीतली धुराची फवारणी, कोपऱ्यातली कॉइल. संध्याकाळी धूर आत आला आणि खिडकी उघडी राहिली तर सकाळी सगळे गट सारखेच मेलेले असतात. सगळ्या गटांत एकाच रात्री मरतूक झाली तर आहारात कारण शोधू नका, खिडकीकडे जा.

आता रक्त. ते पशुवैद्यकाने, प्राणी-नीती समितीच्या परवानगीने आणि कुत्र्याची काळजी घेणाऱ्यांच्या संमतीने काढलेलं असावं. ५ मिली पुरतं. मायक्रोफायलेरिया संध्याकाळनंतर रक्तात जास्त दिसतात, म्हणून आम्ही संध्याकाळी घेतो. आणि सुई लावायच्या आधी एक प्रश्न विचारतोच: "ताई, याला खरजेचं किंवा गोचिडांचं काही औषध दिलंय का?" मुंबईत वस्तीतल्या कुत्र्यांना जीव लावणारी माणसं पुष्कळ आहेत आणि ती खरजेसाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन हमखास देऊन घेतात. त्या रक्तावर पोसलेले डास दोन-तीन दिवसांत मरतात. गोचिडांच्या नव्या गोळ्यांपैकी काहींचंही तसंच, आणि त्यांचा अंमल अनेक आठवडे राहतो. रक्त हाही आहारच आहे, आणि त्यात काय विरघळलंय ते डोळ्यांना दिसत नाही. आम्ही एक अख्खी फेरी यामुळे गमावली. माद्या फुगून लाल झाल्या होत्या, तिसऱ्या दिवशी कपात एकही उभी नव्हती.

दुसरी गफलत ओळखीची. कुत्र्याच्या रक्तात ॲकँथोकायलोनेमा रिकॉन्डिटम नावाच्या दुसऱ्या कृमीची पिल्लंही असू शकतात. तो पिसवांमधून आणि उवांमधून पसरतो, डासात त्याचं काहीच होत नाही. तुम्ही चौदा दिवस साखर बदलत बसाल आणि हाती शून्य येईल. रेपेन्सची मायक्रोफायलेरिया जाड, डोकं बोथट, रुंदी साधारण कुत्र्याच्या तांबड्या पेशीएवढी; दुसरी बारीक, पेशीपेक्षा अरुंद, आणि शेपटी बऱ्याचदा आकड्यासारखी वळलेली. ओल्या स्लाइडवर आधी ढोबळ पाहा. मग १ मिली रक्तात २ टक्के फॉर्मॅलिनचे ९ मिली घालून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, तळाच्या गाळाला मेथिलीन ब्लू हा निळा रंग लावून खात्री करा.

रक्त न गोठण्यासाठी आम्ही हेपारिन वापरतो आणि प्रत्येक फेरीत तेच. याला कारण आहे. डासाच्या पोटात रक्त लवकर गोठलं तर मायक्रोफायलेरिया गुठळीत अडकतात आणि आतड्याबाहेर पडूच शकत नाहीत. क्युलेक्समध्ये हे ठळकपणे होतं. हेपारिनने रक्त पातळ राहतं आणि जास्त पिल्लं निसटतात. एका फेरीत हेपारिन आणि दुसरीत वेगळं काही वापरलं, तर आलेला फरक साखरेचा की गुठळीचा, हे देवालाही सांगता येणार नाही.

मोजणी २० मायक्रोलिटरमध्ये करा. मिलीमध्ये दोन ते पाच हजार असतील तर उत्तम. पाच हजार म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये पाच. मादी दोन-अडीच मायक्रोलिटर पिते, म्हणजे तिच्या वाट्याला दहा-बारा. नलिका पाचच आहेत, एवढी पाहुणेमंडळी त्यांना पेलते. मिलीमध्ये पंधरा-वीस हजार असतील तर निरोगी कुत्र्याच्या, हेपारिनच घातलेल्या रक्ताने पातळ करून घ्या. नाहीतर पहिल्या दोन-तीन दिवसांत नलिकांच्या पेशी उद्ध्वस्त होऊन माद्या मरतात, मग त्यांना अमृत पाजा किंवा पाणी.

पोसण्यासाठी चार-पाच दिवसांच्या माद्या घ्या. रक्ताच्या २० ते २४ तास आधी साखरेचा बोळा काढा, पाण्याचा बोळा शेवटच्या पाच तासांत काढा. हे चुकलं तर साखरेने भरलेल्या माद्या रक्ताच्या भांड्याला लावलेल्या पातळ पडद्यावर येऊन बसतात, सोंड टेकवतात आणि निघून जातात. काही अर्धवट पितात. रक्त ठेवायच्या काचेच्या भांड्याला, म्हणजे फीडरला, ३७ अंशांचं पाणी फिरतं ठेवायचं, पण नळीत उष्णता जाते, म्हणून पाणी तापवणारा बाथ ३९ वर लावून प्रत्यक्ष फीडरमध्ये थर्मामीटर धरून पाहा. पडद्यासाठी पॅराफिल्म, म्हणजे मेणासारखी ताणता येणारी फिल्म, दोन्ही दिशांनी ताणून पातळ करा आणि लावण्याआधी मनगटावर घासा. माणसाच्या अंगाचा वास लागला की डास लवकर येतात. दर दहा मिनिटांनी रक्त हलकेच ढवळा. पेशी आणि मायक्रोफायलेरिया खाली बसतात, आणि न ढवळल्यास आधी आलेल्या मादीच्या पोटात तीस आणि नंतरच्या मादीच्या पोटात दोन, असा प्रकार होतो. पाऊण तास पुरे.

मग पिंजरा दोन-तीन मिनिटं फ्रीजमध्ये, आणि बर्फावर ठेवलेल्या पेट्री डिशमध्ये निवड. पोट गच्च आणि गडद लाल असलेल्याच ठेवायच्या, अर्धवट प्यायलेल्या बाजूला. यातल्या दहा माद्या लगेच चिरून आतड्यातल्या मायक्रोफायलेरिया मोजा. मघाशी म्हटलं ते प्रमाण यावरून निघतं, आणि हीच पायरी लोक सर्रास गाळतात, कारण तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात आणि शेवटच्या लोकलची काळजी लागलेली असते. गाळू नका. दहा माद्यांना तास लागतो, आणि तो तास गेला तर पुढच्या चौदा दिवसांना भाजक उरत नाही.

उरलेल्या माद्या जाळीने बांधलेल्या कागदी कपांत, प्रत्येकात २५. गट चार: फक्त पाणी, रोज १० टक्के साखर, पहिले दोन दिवस साखर आणि मग पाणी, भिजवलेल्या मनुका. आणि याच चारही गटांची जोडी, निरोगी कुत्र्याच्या रक्तावर पोसलेली. ही जोडी नसेल तर मादी भुकेने मेली की कृमीने, हे सांगता येत नाही.

पाण्यावरच्या माद्या रक्तातल्या प्रथिनांवर दोन-तीन दिवस ताज्यातवान्या दिसतात आणि वाटतं, निभावेल. मग चौथ्या दिवसापासून कपाच्या तळाशी पडू लागतात, आठवडा फारशी कोणी ओलांडत नाही. मेलेल्यांच्या नलिकांत आखूड, जाड सॉसेज-अवस्था दिसते, पेशीतच. कृमी मेलेला नसतो. त्याची मुदतच पुरी झालेली नसते. दोन दिवस साखर मिळालेल्या गटात काही माद्या पुढे जातात आणि पिल्लू पेशीतून बाहेर येऊन पोकळीत लांबलेलं सापडतं, पण डोक्यात कोणी नाही. रोज साखर मिळालेल्या गटात अकराव्या-बाराव्या दिवसापासून डोक्यात एल-थ्री. मनुकांचा गट याच्या बरोबरीने चालतो, चिकटून मेलेल्या थोड्या माद्या वजा जाता.

मात्र एक सापळा असा आहे की त्यात आम्हीही पडलो होतो. चौदाव्या दिवशी जिवंत असलेल्या माद्याच फक्त चिरल्या, तर कमी खाणं मिळालेल्या गटात उरलेल्या एक-दोन माद्यांत कृमी नसतोच किंवा एखादाच असतो, आणि वाटतं की भुकेने कृमी मारला. खरं म्हणजे ज्यांच्यात कृमी जास्त होते त्या भुकेल्या माद्या आधीच गेल्या. कमी बोजा असलेल्या मागे राहिल्या. म्हणून रोज सकाळी ठरलेल्या वेळी मेलेल्या माद्या काढायच्या आणि त्याच दिवशी चिरायच्या. मुंबईच्या उकाड्यात दुपारपर्यंत ठेवलात तर आतलं सगळं विरघळतं आणि नलिका सुईला लागताच फाटतात.

मधेच दुसऱ्यांदा निरोगी रक्त द्यावं का, असं विचारलं जातं. द्यायचं असेल तर स्वतंत्र गट करा आणि कपात अंड्यांसाठी ओला कागद ठेवा. रक्तातलं जास्तीचं पाणी बाहेर टाकणं हे नलिकांचंच काम आहे, आणि त्या नलिकांत कृमी राहतोय हे विसरू नका. साखरेच्या पाण्यात बुरशी टाळायला अँटिबायोटिक मिसळू नका. या कृमीच्या अंगात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात, आणि टेट्रासायक्लिनच्या कुळातली औषधं नेमकी त्यांच्यावर चालतात. बुरशी टाळायचा उपाय एकच: बोळा बदला.

चिरायची पद्धत. मादीला गार करा, पंख आणि पाय काढा, स्लाइडवर सलाईनचे तीन थेंब घ्या. डोकं एका थेंबात, छाती दुसऱ्यात. पोट तिसऱ्यात ठेवून शेवटून दुसऱ्या वळ्यावर सुई टेकवा, दुसऱ्या सुईने छातीकडची बाजू धरा आणि शेवटचं टोक अगदी हळू ओढा. आतडं आणि त्याला लगडलेल्या पाच नलिका एकत्र बाहेर येतात, पिवळसर पांढऱ्या, मोत्यांच्या बारीक सरीसारख्या. घाई केली तर दोन नलिका आतच तुटून राहतात आणि तुमची मोजणी कमी येते. पाच मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. कृमी असलेली नलिका इतरांहून सुजलेली दिसते. चाळीसच्या लेन्सखाली सातव्या दिवशीचं पिल्लू आळसावलेलं, जागच्या जागी वाकतं. तेराव्या दिवशीचं साधारण एक मिलिमीटर लांब, सडपातळ आणि चपळ. डोक्याच्या थेंबात सोंड सुईने उकला आणि वीस मिनिटं थांबा. आधी काहीच दिसत नाही. मग सोंडेच्या टोकाकडून एक पांढरा धागा सळसळत बाहेर येतो, थेंबभर फिरतो, पुन्हा दुसरा.

त्या क्षणी हातात ग्लोव्हज असलेच पाहिजेत. हा कृमी माणसालाही लागतो. कातडीखाली गाठ होते, कधी पापणीखाली, कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागात वळवळताना दिसतो. दहाव्या दिवसानंतर कप दुहेरी जाळीच्या पेटीतच ठेवा, आणि प्रत्येक कपातल्या माद्यांचा आकडा दाराला लावलेल्या कागदावर रोज लिहा: मेलेल्या, चिरलेल्या, उरलेल्या. बेरीज २५ झाली नाही तर ती मादी सापडेपर्यंत दार उघडायचं नाही. काम संपलं की कप तसेच, जाळी न सोडता, उणे २० च्या फ्रीझरमध्ये रात्रभर. ट्रेमधल्या उरलेल्या अळ्यांवर उकळतं पाणी ओता, मगच मोरीत सोडा.